गवत किती लांब न्यायचे?

संकरित नेपिअरइतके कौतुक गेल्या काही वर्षांत मराठी शेतकऱ्याच्या कानावर दुसऱ्या कुठल्याच वैरणीचे आलेले नाही. हत्ती गवत म्हणा, गजराज म्हणा, दीड-दोन पुरुष उंच वाढणारे हे गवत आधी दूध धंद्याच्या वाटेने गावात आले. दहा-वीस गुंठ्यांत लावून संकरित गाईंची दावण चालवायची, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. मग २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने कॉम्प्रेस्ड बायोगॅसची योजना जाहीर केली. देशभर पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस, असे ते उद्दिष्ट होते. प्रत्यक्षातली मजल त्याच्या जवळपासही गेली नाही, पण त्या आकड्यांच्या प्रकाशात हे गवत एकदम ‘इंधनाचे पीक’ झाले. आता एकाच पिकाला दोन गिऱ्हाइके आहेत, गोठा आणि गॅसचा कारखाना. दोघांचीही भूक एकच आहे असे समजून लिहिलेल्या पुस्तिका बाजारात पुष्कळ आहेत. पुढील पानांत लागवडीची, कापणीची, मुरघासाची आणि गॅसची जी माहिती आहे ती वाचण्याआधी एक गोष्ट मांडावीशी वाटते. नेपिअर चांगले की वाईट या वादाचा निकाल त्याच्या जातीवर किंवा उत्पन्नावर ठरत नाही, ते कापल्यावर किती लांब जाते यावर ठरतो. जिथे वाढले तिथेच खपले आणि त्याचे उरलेसुरले त्याच रानात परत आले, तर हे गवत जमिनीचे मित्र आहे. ट्रॉलीत भरून वीस-तीस कोस गेले आणि परत काहीच आले नाही, तर उसाच्या तक्रारींची यादी आपण नव्या नावाने पुन्हा लिहीत आहोत.

मूळचे हे गवत आफ्रिकेचे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऱ्होडेशियातल्या नेपिअर नावाच्या कर्नलने तिथल्या शेती खात्याचे लक्ष त्याकडे वेधले, म्हणून ते नाव चिकटले. भारतात ते १९१२ च्या सुमारास आले. पण आज आपण लावतो ते शुद्ध आफ्रिकी गवत नव्हे. त्याचा बाजरीशी संकर कोइमतूरला १९५३ मध्ये आणि पुढे दिल्लीला झाला. बाजरीचा रसाळपणा आणि पानांचा मऊपणा एका बाजूने, नेपिअरचे बहुवर्षीय ठोंब आणि फुटव्यांचा जोर दुसऱ्या बाजूने, असा हा संसार आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची यशवंत आणि जयवंत, तमिळनाडूची सीओ मालिका ही त्याचीच पोरे. ‘सुपर नेपिअर’ या नावाने ज्याची बेणी विकली जातात ते थायलंडचे पाकचाँगही याच घरचे. बाजरीची गुणसूत्रे चौदा, नेपिअरची अठ्ठावीस, संकराची एकवीस. ती नीट जोडीने वाटली जात नाहीत म्हणून बी धरत नाही. लागवड दोन-तीन डोळ्यांच्या कांडीने किंवा ठोंबाने करावी लागते. बी नसल्याने ते रानभर पसरून तण होत नाही, ही जमेची बाजू. पण जिल्हाभर लावलेले गवत म्हणजे एकाच झाडाचे तुकडे असतात, हेही ध्यानात ठेवावे. केनियातल्या छोट्या दूध उत्पादकांची दावण नेपिअरवरच उभी आहे. तिथे काणी आणि खुरटेपणा या दोन रोगांनी शेतेच्या शेते बसवली. खुरटेपणा तर शेजाऱ्याकडून आणलेल्या कांड्यांबरोबर गावोगाव गेला. फुकट मिळालेल्या बेण्याचे कौतुक करताना हे आठवलेले बरे.

‘कमी पाण्यात, पडीक जमिनीत, कसेही येते’ हे वाक्य या गवताच्या जाहिरातींत हमखास असते. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते. बारमाही पाण्यावर चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी वर्षाला दोनशे टन ओला चारा ही वाजवी अपेक्षा आहे. त्यात साधारण वीस टक्के कोरडा भाग, म्हणजे चाळीस टन. नेपिअर, ऊस, मका, ज्वारी या गटातली पिके पाण्याच्या बाबतीत काटकसरी खरीच, तरीही एक किलो कोरडा चारा तयार करायला पानांतून अडीचशे ते साडेतीनशे किलो पाणी उडून जाते. मधला आकडा धरला तर चाळीस टनांना बारा हजार टन पाणी होते. ते हेक्टरभर पसरले तर बाराशे मिलिमीटर भरते. ज्या अवर्षणप्रवण तालुक्यांत वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथे उरलेले सातशे विहिरीतून, बोअरमधून किंवा कालव्यातूनच यायचे. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे झाले तर पूर्ण गरज हेक्टरी बाराशे टँकरांची आहे. ठिबकने गळती वाचते, बाष्पीभवन काहीसे वाचते, पण गवताची स्वतःची तहान वाचत नाही. पाणी कमी दिले तर ते मरत नाही, एवढाच त्याचा काटकपणा. पिवळे पडून तग धरते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. पण त्या काळात ते चाराही देत नाही. कोकणात पाऊस भरपूर, तोही चार महिन्यांचा. पुढच्या आठ महिन्यांत जांभ्या जमिनीत ओल टिकत नाही, म्हणून तिथलेही गणित शेवटी पंपावरच येते.

यावर ‘मग ऊस काय कमी पितो?’ असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. उसाच्या एका तुकड्यात नेपिअर लावून दूध काढले, तर पाण्याचा ताळेबंद बिघडत नाही. शिवाय पहिली कापणी अडीच महिन्यांत आणि पुढे दर दीड महिन्याला हाती येते, बिलासाठी वर्षभर वाट बघावी लागत नाही. छावण्यांच्या दुष्काळात ऊस आणि उसाचे वाढे जनावरांपुढे टाकावे लागले, तेव्हा जे पोट भरले त्याला चारा म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. त्यामुळे बागायतीतला काही भाग वैरणीकडे वळावा हे म्हणणे रास्तच आहे. माझा आक्षेप ‘पडीक’ या शब्दाला आहे. पडीक जमिनीचे हिशेब मांडून मंजूर झालेले गवत लावले जाते बागायतीतच, कारण दुसरीकडे ते कारखान्याला पुरेल इतके येतच नाही.

पाण्याची चर्चा निदान होते तरी. मातीतून जे जाते त्याची होत नाही. चाळीस टन कोरड्या चाऱ्यात दीड टक्का नत्र धरले, तरी वर्षाला हेक्टरी सहाशे किलो नत्र रानाबाहेर जाते. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत साधारण वीस-एकवीस किलो नत्र असते. म्हणजे हा एकोणतीस गोण्यांचा ऐवज झाला, तोही दिलेले सगळे पिकाला लागले असे धरून, आणि तसे कधीच होत नाही. पालाश तर त्याहून जास्त उचलला जातो. एकेका टनात सांगायचे तर प्रत्येक टन ओल्या गवताबरोबर तीन किलो नत्र, चार-पाच किलो पालाश आणि थोडा स्फुरद बांध ओलांडतो. पहिल्या दोन वर्षांत हे जाणवत नाही, कारण ठोंब जोमात असतात आणि जमिनीची पूर्वीची शिल्लक असते. तिसऱ्या वर्षी फुटवे बारीक होतात, पाने फिकट पडतात, आणि शेतकरी म्हणतो की बेणे म्हातारे झाले. अनेकदा बेणे ठीक असते, खालची माती रिकामी झालेली असते.

आणि इथेच या गवताचा सर्वात चांगला गुण पुढे येतो. मिथेन वायूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो. नत्र, स्फुरद, पालाश यांतले काहीही गॅसबरोबर जात नाही, सगळे टाकीतल्या स्लरीत राहते. गाईचेही बरेचसे असेच आहे. खाल्लेल्या नत्रापैकी पाचवा-चौथा हिस्सा ती दुधात देते, बाकीचे शेण आणि मूत्र यांतून खाली टाकते. मूत्र गोठ्याच्या नाल्यातून वाहून गेले तर तो दोष गाईचा नव्हे. म्हणजे गवतातून ऊर्जा काढली काय किंवा दूध काढले काय, खताचा मोठा भाग तत्त्वतः परत येऊ शकतो. ‘तत्त्वतः’ हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण परत येणे न येणे हे रसायनशास्त्रावर अवलंबून नाही, रस्त्यावर आहे.

रोज पाच टन गॅस काढणाऱ्या एका प्रकल्पाचे चित्र डोळ्यांपुढे आणू. एका टन ओल्या गवतातून, ते किती जून आणि किती कोरडे आहे त्यानुसार, तीस ते पन्नास किलो शुद्ध केलेला गॅस मिळतो. वरचा आकडा घेतला तरी रोज शंभर टन गवत हवे, म्हणजे चार टनांच्या पंचवीस ट्रॉल्या. प्रत्येक ट्रॉलीत सव्वातीन टन तर पाणीच असते, आपण डिझेल जाळून रोज ऐंशी टन पाणी हलवतो. वर्षाला साडेछत्तीस हजार टन गवत. दोनशे टनांचे उत्पन्न सर्वांनाच येत नाही, शंभराने मोजले तर साडेतीनशेहून जास्त हेक्टर, म्हणजे सुमारे नऊशे एकर. महाराष्ट्रातली सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.३४ हेक्टर. घरटी अर्धा एकर मिळाला तर अठराशे घरांशी करार करावे लागतील. कापणी रोजची, पावसाळ्यात चिखलातली, मजूर उसाच्या तोडीइतकेच दुर्मिळ. हे सगळे जमले असे मानू. मग टाकीतून बाहेर काय पडेल? शंभर टनांतून पाच टन मिथेन आणि त्याच्याबरोबरचा दहा-अकरा टन कार्बन डायऑक्साइड उडाला की ऐंशीहून अधिक टन स्लरी रोज उरते, वर घातलेले पाणी वेगळेच. जितक्या ट्रॉल्या आल्या जवळपास तितक्याच भरून परत गेल्या पाहिजेत. गावाहून कारखान्याकडे भरलेली ट्रॉली येण्याचे पैसे कोण देणार हे करारात लिहिलेले असते. परतीच्या ट्रॉलीचे कलम बहुतेक करारांत सापडायचे नाही.

यावर प्रकल्पवाल्यांचे उत्तर तयार असते. स्लरी गाळायची, घट्ट भाग वाळवून पोत्यांत सेंद्रिय खत म्हणून विकायचा. अशा खतासाठी सरकार २०२३ पासून टनाला दीड हजार रुपये साहाय्यही देते. उत्तर अर्धे खरे आहे. घट्ट भागात स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब बराच येतो, पण अमोनियाच्या रूपातले नत्र आणि जवळजवळ सगळा पालाश पाण्यासारख्या पातळ भागात राहतो. तो पातळ भाग लांब नेणे परवडत नाही, म्हणून कारखान्याच्या आसपासच्या रानांत ओतला जातो. तिथे अती होते आणि अठराशे बांधांवर कमतरता राहते. पोत्यातले खत विकत घेणारा शेतकरीही गवत देणाराच असेल असे नाही.

आता गोठ्याचे गणित पाहू. वीस-पंचवीस किलो ओला चारा, त्याच्या जोडीला कडबा आणि पेंड-भरडा, अशी संकरित गाईची दिवसाची वैरण धरली तर दहा गुंठ्यांचे नीट सांभाळलेले नेपिअर वर्षभर दोन गाईंना पुरते. कुट्टी यंत्र गोठ्यात, गवत पन्नास पावलांवर. शेण तिथेच, टाकी तिथेच, आणि स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर पुन्हा त्याच दहा गुंठ्यांत. तीन-चार जनावरांच्या शेणावर पाच माणसांच्या घराचा स्वयंपाक होतो, हे खादी ग्रामोद्योगाच्या गोबरगॅसने अर्ध्या शतकापूर्वीच दाखवले आहे. त्याच तंत्राला देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाची जोड देऊन गावाच्या आरोग्याशी बांधले.

पण गाय आणि टाकी यांना एकाच वयाचे गवत चालत नाही, आणि पुस्तिकांत सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते याच मुद्द्याकडे. पंचेचाळीस दिवसांच्या कोवळ्या नेपिअरमध्ये प्रथिने आठ-दहा टक्के असतात. तेच नव्वद दिवस उभे राहिले की कांडी टणक होते, प्रथिने निम्म्यावर येतात आणि गाय गव्हाणीत बुंधे सोडून पाने तेवढी निवडते. कारखान्याला मात्र वजन हवे असते. पाण्याचे प्रमाण कमी, कोरडा भाग जास्त, कापणीचे फेरे कमी. म्हणून तो गवत जून होऊ देतो. एकाच वाफ्यातून दोघांना सारखेच खूश करता येईल असे जो सांगतो त्याने गव्हाण पाहिलेली नसते. फार कोवळे कापावे तर वेगळीच अडचण. ऑक्झलेट जास्त असते, ते कॅल्शियम धरून ठेवते, आणि नुसत्या नेपिअरवर ठेवलेल्या दुभत्या जनावराला त्याची झळ लागते. त्यावर उपाय जुनाच आहे. वैरणीत लसूण घास, चवळी किंवा स्टायलोसारखे द्विदल मिसळायचे, खनिज मिश्रण द्यायचे आणि कापणी सहा-सात आठवड्यांच्या आसपास ठेवायची. चवळी ओळींच्या मधे पेरली तर नत्राचा थोडा भारही हलका होतो.

गवत गाईच्या पोटातून नेण्याला सर्वात भक्कम आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. गाय गवतातली बरीच ऊर्जा स्वतःसाठी काढून घेते. शेणात उरते ते चोथ्यासारखे. तेच गवत सरळ टाकीत घातले तर ढोबळ हिशेबाने तिप्पट-चौपट गॅस मिळतो. मग गाईच्या पोटातून फेरा कशाला? पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांनी खरकट्यावर आणि पिष्टमय पदार्थांवर चालणारा बायोगॅस उभा करताना जवळपास हाच प्रश्न विचारला होता: शेण म्हणजे आधीच पचलेला माल, जिवाणूंना न पचलेले अन्न का देऊ नये? खरकट्याच्या बाबतीत प्रश्न बिनतोड आहे, कारण ते नाहीतर उकिरड्यावरच जाते. गवताला दुसरे गिऱ्हाईक आहे. योजनेच्या सुरुवातीच्या दराने, म्हणजे किलोला छेचाळीस रुपये धरले, तर एका टन गवतातला गॅस चौदाशे ते तेवीसशे रुपयांचा होतो, आणि त्यातून कापणी, वाहतूक, वीज, यंत्रांचे व्याज भागवून उरेल ते गवताच्या मालकाचे. तेच टनभर गवत चाळीस गाय-दिवसांची हिरवी वैरण आहे. गाय दहाच लिटर देते, दुधाला तीस रुपये मिळतात आणि खुराकातला तिसरा हिस्साच या गवताचा आहे, असे हात आखडून धरले तरी त्याच्या वाट्याला चार हजारांचे दूध येते. शिवाय शेण शिल्लकच राहते. दुधाचा भाव पडतो, गाय आजारी पडते, राबणे तीनशे पासष्ट दिवसांचे, हे सगळे मान्य करूनही दोन आकड्यांतले अंतर मोठे आहे. गाय ढेकरांतून मिथेन सोडते हाही आरोप खरा. पण निकस कडब्यावर दोन लिटर देणारी गाय लिटरमागे जितका सोडते त्यापेक्षा चांगल्या हिरव्या वैरणीवर दहा लिटर देणारी कमीच सोडते.

देशाच्या पातळीवर पाहिले तर आधी दावण, मग टाकी हा क्रम आणखी पटतो. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशी मिळून तीस कोटींच्या वर होत्या, आणि चारापिकांखालचे क्षेत्र लागवडीच्या चार-पाच टक्क्यांपलीकडे गेलेले नाही. हिरव्या चाऱ्याची तूट झाशीच्या राष्ट्रीय चारा संस्थेच्या एका अंदाजात अकरा टक्के आहे, दुसऱ्यात पस्तीस. इतका फरक पडतो यावरून आपण वैरण मोजण्याला किती कमी लेखतो ते कळते. पण दोन्ही अंदाजांत तूट आहेच. उपाशी दावण शेजारी ठेवून गवत टाकीत घालण्याला मग काहीतरी विशेष कारण लागेल.

अशी कारणे आहेत, आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. आपल्याकडे श्रावण ते कार्तिक बांधाबांधावर हिरवे असते, तेव्हा नेपिअर हाताबाहेर जाते आणि जून होते. त्याचा मुरघास करता येतो, पण नेपिअर पाणीदार आणि साखर कमी असलेले, म्हणून आधी सुकवावे लागते, मळी किंवा गूळ घालावा लागतो, आणि पावसात सुकवणार कुठे? अशा वेळी गाईने नाकारलेले बुंधे आणि पावसाळी शिल्लक यांना बारीक कुट्टी करून शेणाच्या टाकीत घालणे शहाणपणाचे आहे. शेणातले जिवाणू गवताला लागतात आणि गॅस वाढतो. घाई मात्र करता येत नाही. गाईच्या पोटात जे दोन-तीन दिवसांत पचते त्याला टाकीत महिना-दीड महिना लागतो, कारण टाकी रवंथ करत नाही. वाळवून जाळण्याच्या वाटेवर तर याहून कमी आशा आहे. ऐंशी टक्के पाणी उडवायला ऊन मोफत असले तरी जागा आणि दिवस मोफत नसतात, आणि पालाश-सिलिका भरपूर असलेली राख बॉयलरमध्ये वितळून चिकटते.

‘दोन गाईंच्या गोबरगॅसवर देशाची ऊर्जा चालणार का?’ हा टोला नेहमीचा. गावोगाव बंद पडलेल्या टाक्या दाखवल्या जातात, आणि त्या आहेतच. गुरे कमी झाली, शेण कालवण्याचे काम घरातल्या बाईवरच पडले, घुमट गंजला आणि दुरुस्तीला कोणी आले नाही, सिलिंडर दारात आला. यावरून एवढेच दिसते की घरटी टाकी एकटी टिकत नाही, तिच्यामागे दुरुस्ती करणारी आणि स्लरीला भाव देणारी संस्था लागते. गुजरातेत आणंदजवळच्या झकरियापुऱ्यात घरोघरीच्या टाक्यांची स्लरी दूध संस्थेच्या जोडीने विकत घेतली जाते, आणि बनासकांठ्यात दामा येथे दूध संघाचा प्रकल्प रोज चाळीस टन शेणावर गॅस काढतो. दुधाची गाडी ज्या वाटेने रोज फिरते त्याच वाटेवर हे बसवलेले आहे. संगमनेर, फलटण, बारामती, कोल्हापूरच्या पट्ट्यात दूध संकलनाचे जाळे त्याहून विरळ नाही. पाच-सात किलोमीटरच्या घेरातली टाकी आणि तिथेच परत जाणारी स्लरी, एवढा आकार हिशेबात बसतो.

मोठ्या आकाराचे काय होते याचे दाखले परदेशांत आहेत. जर्मनीत गॅससाठी मक्याची लागवड इतकी पसरली की २०१२ च्या कायद्यात टाकीतल्या मक्याच्या वाट्याला साठ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. थायलंडने २०१३ मध्ये नेपिअरपासून तीन हजार मेगावॅट विजेचे लक्ष्य ठेवले आणि दोनच वर्षांत ऊर्जापिकांच्या गॅसचे लक्ष्य सातशेच्याही खाली आणले. पाकचाँगचे घर तेच, गवतात काही कमी नव्हते.

आपल्याकडे शहरी गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याची सक्ती २०२५-२६ पासून एक टक्क्याने सुरू होऊन पाचपर्यंत जायची आहे, म्हणजे गवतासाठी कराराचे कागद घेऊन येणारे वाढतच जातील. निश्चित भावाचे आकर्षण शेतकऱ्याला असणारच, दुधाच्या भावाने पोळलेल्याला तर अधिक. सही करण्याआधी त्या कागदात चार गोष्टी शोधाव्यात: गवताचे वजन ओले मोजणार की कोरड्या भागावर, कापणीला किती दिवसांत येणार आणि न आल्यास जून गवताचे काय, तुमच्या टनामागे किती स्लरी कोणाच्या खर्चाने तुमच्याच बांधावर परत येणार, आणि दुष्काळ पडला तर गवत आधी स्वतःच्या दावणीला घालण्याचा हक्क राहतो की नाही. आगाऊ नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.